लॅप स्टीलवर नॉब कुठे बसवायचे? आधी करंगळीला विचारा

घरी लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार, बनवताय ना, मग लाकडाला ड्रिल लावायच्या आधी एक काम कराच. पुठ्ठ्यावर बॉडीचा आकार कापा, ब्रिज (तारा टेकतात ती पट्टी) आणि पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) खऱ्या मापाने काढा आणि तो मांडीवर ठेवून उजवा हात वाजवताना जिथे असतो तिथेच ठेवा. आता हात न हलवता करंगळी सहज कुठवर जाते तिथे खूण करा, व्हॉल्यूमचा नॉब तिथेच. कारण या वाद्यात व्हॉल्यूम म्हणजे नुसता कमी-जास्त करायचा नॉब नाहीच, तार छेडताना आवाज बंद ठेवून लगेच करंगळीने उघडला की व्हायोलिनसारखा सूर फुलतो आणि खरी मजा त्यातच आहे. नॉब बारीक तारेच्या बाजूला, म्हणजे आपल्यापासून लांबच्या कडेला येतो, पण तारेला एवढा चिकटवू नका की बोटांतली पिक्स (तार छेडायच्या नख्या) आपटतील.

टोनचा नॉब त्याच्या शेजारी, मध्ये बोट फिरेल एवढी जागा सोडून. टोन पटकन फिरवून वाव-वाव आवाज काढायचा असेल तर तोही करंगळीच्या टप्प्यातच हवा.

पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरता रेझिस्टर, हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५०० के (किलो-ओहम), सिंगल कॉइलला (एका कॉइलच्या पिकअपला) २५० के, व्हॉल्यूमला ऑडिओ टेपर (कानाला आवाज हळूहळू वाढतोय असं वाटेल असा प्रकार). मोठा पॉट साधारण २४ मिमी रुंद असतो, खालची पोकळी त्या हिशोबाने कोरा. जॅक (केबल लावायचं भोक) पोटाकडच्या कडेला अजिबात नको, केबल सारखी टोचते, उजव्या टोकाला द्या. आणि ब्रिजला अर्थची वायर जोडायला विसरू नका, नाहीतर गुणगुण फार येते.