ब्रेक मारला की मोटारसायकलचं हँडल थरथरतं? डिस्क आणि शॉकअप असे तपासा

आधी तक्रार नेमकी ओळखा. ब्रेक दाबल्यावर बोटांखाली लिव्हर धकधकत असेल तर संशय डिस्कवर. ब्रेक न लावताही गाडी एका अंगाला ओढत असेल तर पुढचे शॉकअप नाहीतर टी (दोन्ही शॉकअपच्या नळ्या वर आणि खाली धरून ठेवणारा भाग). ब्रेक मारताना हँडल थरथरणं मात्र दोन्हीकडून येतं, आणि इथेच घाईने नवी डिस्क बसवली जाते.

गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा. सायलेन्सरवर भार नको. चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. चाक एक्सलवरच डुगडुगलं तर व्हील बेअरिंग गेलं. मग शॉकअपची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. वर टक् झालं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला. हँडल सावकाश फिरवताना मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकत असेल, तर कोनसेटच्या वाट्यांना खड्डे पडलेत. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीत हे नेहमीचंच. इथे दोष असेल तर तो आधी काढा, नाहीतर पुढची मापं खोटी येतील.

आता डिस्क. डायल गेज नसेल तर शॉकअपच्या नळीला केबल टाय घट्ट बांधा आणि त्याचं टोक, पॅड घासतात त्या पट्ट्यात, डिस्कच्या अगदी जवळ आणा. चाक हळू फिरवा. सर्वात कमी आणि सर्वात जास्त फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे डिस्कचा आऊट. बऱ्याच गाड्यांना ०.३ मिमीपर्यंत चालतो. जास्त निघाला तरी डिस्क लगेच भंगारात टाकू नका. जिथे ती सर्वात जास्त बाहेर येते तिथे डिस्कवर आणि हबवर (चाकाचा मधला भाग, ज्यावर डिस्क बसते) मार्करने खूण करा. डिस्क काढा, हबची बैठक तारेच्या ब्रशने घासा, डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. आऊट गेला तर दोष गंज-मातीचा होता. डिस्कवरच्या खुणेबरोबर सरकला तर डिस्क वाकलीय, हबच्या खुणेपाशीच राहिला तर हब.

आऊट नाही, तरी लिव्हर धकधकतोय? मग जाडी सारखी नाही. मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजा. मिमीच्या काही शतांशांचा फरकही बोटांना कळतो. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली गेली की डिस्क बदलायचीच.

कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडल्यावर एक पॅड दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेला दिसला, तर बहुधा स्लाइड पिन (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या) जाम आहेत. पावसाळ्यात पाणंदीतून गाडी नेली की काळ्या मातीचा चिखल इथेच वाळून बसतो. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. वॉशिंगला दिलीत तर डिस्कवर डिझेल मारू देऊ नका. पॅडनी ते प्यायलं की पॅड गेले.

शॉकअपसाठी मडगार्ड आणि मध्ये येणारा हेडलाइटचा भाग काढा. पाच-सहा पावलं समोर उभं राहून दोन्ही नळ्या एका रेषेत दिसतात का बघा. मग जाड काचेची सरळ पट्टी दोन्ही नळ्यांवर आडवी टेकवा. चारही कोपरे टेकले पाहिजेत. पट्टी डुलली तर टीमध्ये पीळ आहे. गाडी पडली की बहुतेक वेळा एवढंच होतं, नळी वाकलेली नसते.

पीळ काढताना एक्सल नट आणि खालच्या टीचे बोल्ट ढिले करा, वरचे किंचित. मडगार्ड नंतर बसवा. ठोकळा काढून चाक जमिनीवर घ्या, ते गुडघ्यांत धरून हँडल उलट्या बाजूला पिळा. आधी एक्सल कसा, मग पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा दाबा, त्यानंतर टीचे बोल्ट. टॉर्क (बोल्ट किती कसायचा ते माप) गाडीच्या पुस्तकातला.

तरी पट्टी डुलतेच, तर नळ्या काढून काचेवर लोळवा. खालून उजेडाची फट हलताना दिसली तर नळी वाकलीय. प्रेसवर सरळ करून देणारे भेटतील, पण क्रोम तडकतो आणि तोच ऑइल सील कापतो. नवीच घ्या.

कॅलिपर काढून बसवल्यावर पहिल्या दोन-तीन दाबांना लिव्हर हँडलला टेकतो. तो कडक होईपर्यंत दाबत राहा, मगच गाडी काढा.