खांदा निखळला तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करावं

बंडीवरून पडणं, पांदणीच्या चिखलात गाडी घसरणं, मोहाच्या झाडावरून पाय सुटणं. माणूस पडताना हात टेकवतो आणि खांद्याचा गोळा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला उतरतो. मग खांद्याची गोलाई जाऊन वरचं टोक नीट दिसतं, हात अंगापासून थोडा दूर राहतो आणि जखमी तो दुसऱ्या हातानं धरून बसतो. हासळीचं हाड मोडलं असेल तर गळ्याखाली फुगवटा येतो. नेमकं काय झालं ते कळलं नाही तरी चालेल, पहिली कामं तीच.

हात ओढू नका. काखेत पाय देऊन झटका मारणारा गावोगावी असतो आणि त्याचं कौतुकही होतं. पण काखेतूनच हाताची मोठी रक्तवाहिनी आणि नसा जातात. आत हाड मोडलेलं असेल, तर त्या झटक्यानं कायमचं नुकसान होऊ शकतं. मालिश नको. बिब्बा तर मुळीच नको. कातडी भाजते आणि त्यावर पट्टा बांधता येत नाही.

अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढा, सूज आली की निघत नाही. सदरा डोक्यावरून ओढू नका, कापा.

आता झोळी. इथंच बहुतेक जण चुकतात: निखळलेला हात छातीशी दाबून घट्ट बांधतात आणि जखमी ओरडतो. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ठेवायचा. जखमीला बसवा, कोपर त्यालाच धरू द्या. हात आणि छाती यांच्यामधल्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी बसवा, पोकळी भरेल एवढीच जाड. एक दुपट्टा कोपरापासून मनगटापर्यंत खालून घेऊन गळ्यात बांधा. गाठ मानेच्या बाजूला हवी, मणक्यावर नको. पंजा कोपरापेक्षा किंचित वर असावा, पण तिथपर्यंत हात येत नसेल तर जबरदस्ती नाही. दुसरा रुंद दुपट्टा दंडावरून छातीभोवती घेऊन चांगल्या बाजूच्या काखेखाली बांधा. श्वास घेताना आवळला तर सैल करा. बोटं उघडी राहिली पाहिजेत.

नख दाबून सोडा, लाली 2 सेकंदांत परत यायला हवी. दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागाला बोट लावून विचारा, कळतं का. बधिर वाटलं किंवा पंजा गार, पांढरा पडला तर 108 ला फोन करा आणि हे सांगा.

बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं. बर्फ नसेल तर किराणा दुकानातला गोठलेला पाण्याचा पाऊच चालतो. चहा-पाणी काही देऊ नका. खांदा बसवताना गुंगी द्यावी लागू शकते, तेव्हा पोट रिकामं बरं.

निघण्याआधी फोन करून एक्स-रे सुरू आहे का ते विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा नसतो, म्हणून सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. उशीर केला तर स्नायू आवळतात आणि खांदा बसवणं अवघड होतं. शॉक लागून किंवा मिरगी येऊन दुखायला लागलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तेव्हा खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो आणि तो सहज लक्षात येत नाही.

पडणं-आदळणं काही नाही, डावा खांदा दुखतोय आणि घाम सुटलाय? मग तो हृदयाचा त्रास असू शकतो. झोळी बांधत बसू नका, 108 लावा.

खांदा बसल्यावर झोळी किती दिवस ते डॉक्टर सांगतील, साधारण 1 ते 3 आठवडे. त्या काळात बोटं, मनगट रोज हलवा. दुखणं थांबलं म्हणून फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नका, सोयाबीनचा कट्टाही उचलू नका. तरुणांचा खांदा अशानंच पुन्हा उतरतो. चाळिशीनंतर हात वर उचलता येत नसेल तर स्नायूची दोरी तुटलेली असू शकते, पुन्हा दाखवा.