पाटी छापायला देण्याआधी

बेळगावातल्या दुकानाच्या पाटीवर ‘आशीर्वाद’चा ‘आर्शिवाद’ होतो, त्यात मालकाइतकाच दोष फॉन्टचा असतो. फ्लेक्सवाल्यांकडच्या जुन्या फॉन्टमध्ये रफार ही सुटी खूण असते. ज्या अक्षराच्या डोक्यावर ती बसायची, ते अक्षर टाइप झाल्यावर ती दाबायची. घाईत एक अक्षर आधी दाबली गेली की ‘वा’वरचा रफार ‘श’वर जाऊन बसतो. तपासायचं कसं? शब्द तोडून म्हणा: आ-शीर्-वाद. ‘र्’नंतर जे अक्षर उच्चारता, रफार त्याच्यावर.

‘शुध्द तूप’ हीही त्याच फॉन्टची करणी. अर्धा ‘ध’ हाताशी असतो, त्याला ‘द’ चिकटवला की झालं. खरा क्रम उलटा आहे: आधी अर्धा ‘द’, मग पूर्ण ‘ध’. शुद्ध, प्रसिद्ध, सिद्धी, पद्धत, सगळीकडे तोच.

वेलांटी-उकारात मालक स्वतःच चुकतात. एकटं ‘दूध’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: दुधाचा कुंदा, तुपातली जिलेबी, फुलांचे हार. ‘कोल्हापूर’ दीर्घ, ‘कोल्हापुरी चप्पल’ ऱ्हस्व. (२०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव जिल्हाही आहे, निदान आपल्याकडे तरी ती नीट लिहावी.) ‘गुरू’ एकटा दीर्घ, ‘गुरुकृपा’ ऱ्हस्व. ‘बेळगांव’वरचा अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेला, ‘बेळगाव’ लिहा.

सीमाभागातली खास चूक मात्र दोन लिप्यांच्या ये-जा करण्यात होते. कन्नडात ‘बेकरि’, ‘गल्लि’ असा ऱ्हस्व शेवट बरोबर असतो. मोबाइलवर कन्नडातून लिपी बदलून घेतली की तोच मराठीत उतरतो. आपल्याकडे ‘बेकरी’, ‘गल्ली’. कन्नडात शेवटचं व्यंजन मोडायला चिन्ह द्यावंच लागतं, म्हणून मराठीत ‘टेलर्स्’, ‘स्टोअर्स्’ असे पाय मोडलेले शब्द येतात. इथे त्यांची गरज नाही. उलट बाजूने, मराठीवरून कन्नड करताना ते चिन्ह गळलं तर कन्नड वाचणारा ‘टेलर्सऽ’ वाचतो. शिवाय कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन: ‘होटेल्’मध्ये हो दीर्घ, टे ऱ्हस्व. मराठी पेंटरला हे कानाने कळत नाही. दोन्ही मजकूर वेगवेगळे लिहून द्या आणि कन्नड ओळ कन्नड शाळेत शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या.

२०२४च्या दुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या बाजूला, असा कर्नाटकात कायदा आहे. तीन फूट उंच पाटीत मराठी-इंग्रजीला मिळून जेमतेम चौदा इंच उरतात. एवढ्यात ओळ दाबून बसवली की वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जातो. अक्षराच्या उंचीच्या पाव भागाइतकी जागा वर आणि तेवढीच खाली सोडा. मावत नसेल तर मालांची यादी काढा, नाव आखडू नका.

चिन्हांचं थोडक्यात: देवाच्या ‘श्री’ला टिंब नाही (श्री गणेश), माणसाच्या ‘श्री.’ला आहे. ‘प्रो.’लाही (प्रोप्रायटर, म्हणजे मालक) आहे. ‘शुद्ध’ शब्द अवतरणात घालू नका. गिऱ्हाइकाला वाटतं, नावापुरतंच शुद्ध.

मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा आणि सोबत कागदावर ठळक लिहून त्याचा फोटो जोडा. टाइप केलेला मजकूर जुन्या कोरलड्रॉमध्ये (डिझाइनरच्या सॉफ्टवेअरमध्ये) चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं. फोटो असला की डिझाइनरला पडताळता येतं. छपाईआधी पीडीएफ मागवा, मोठं करा आणि शेवटच्या शब्दापासून उलटं वाचा. सरळ वाचलं की डोळा ओळखीचा शब्द पाहून पुढे पळतो.

छापल्यावर चूक दिसली तर एकरंगी पार्श्वभूमीवर त्याच रंगाच्या व्हिनाइलचा तुकडा लावून रफार किंवा वेलांटी बदलता येते. मागे फोटो असेल तर ठिगळ दिसतं. तिथे नवीन छपाईच करा.