मान-खांदे आखडले? जियानजिंग बिंदू कसा शोधावा, कसा दाबावा

मान धरली की न सांगता आपला हात विरुद्ध बाजूच्या खांद्यावर जातो. मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध स्नायू सगळ्यात जाड लागतो. तिथे बोटं रुतली की ‘हां, इथेच’ असं तोंडातून निघतं. पारंपरिक चिनी वैद्यकात या जागेला जियानजिंग म्हणतात, म्हणजे खांद्यावरची विहीर. तक्त्यांवर त्याची खूण ‘जीबी २१’ अशी असते, जीबी म्हणजे गॉलब्लॅडर, पित्ताशय. शरीरात ‘ची’ म्हणजे जीवनऊर्जा ठरावीक मार्गांनी वाहते असं हे वैद्यक मानतं. त्यांतल्या पित्ताशयाच्या मार्गावर ४४ बिंदू मानले आहेत, त्यांतला हा एकविसावा. म्हणून पित्ताशय बिघडलंय असं मात्र समजू नका. चिनी वैद्यकातला हा मार्ग डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून निघतो आणि डोक्याची बाजू, खांदा, बरगड्या, मांडीची बाहेरची कड असा पायाच्या चौथ्या बोटापर्यंत पोचतो. त्या वाटेवरची बरीच दुखणी या मार्गाच्या खाती मांडली जातात.

हा बिंदू घरच्या घरी दाबता येतो. त्यावर स्वतः सुई मात्र टोचायची नाही. आणि गर्भारपणात दाबायचाही नाही. या दोन गोष्टी आधी लक्षात ठेवा, कारणं पुढे दिली आहेत.

जागा शोधताना

पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून खुर्चीत बसा. खांद्यावरची पर्स किंवा सॅक काढून ठेवा. जाड कॉलर, ओढणी, स्वेटर आड येत असेल तर तेही बाजूला करा. दोन हाडं सापडली की काम झालं, म्हणून आधी स्नायू चाचपत बसू नका.

पहिलं हाड मानेच्या मुळाशी. हनुवटी छातीकडे झुकवा आणि मानेच्या मागच्या बाजूने बोट खाली आणा. जिथे मान संपून पाठ सुरू होते तिथे एक ठळक उंचवटा हाताला लागतो. तो मानेचा सातवा मणका. अनेकांना एकाखाली एक असे दोन उंचवटे लागतात आणि गोंधळ इथेच होतो. अशा वेळी दोन्हींवर एकेक बोट ठेवून मान सावकाश मागे न्या. वरचा उंचवटा आत सरकून बोटाखालून निसटला तर तो सहावा, आणि जो जागेवर राहिला तो सातवा. एवढं करूनही शंका उरली तर मान डावी-उजवीकडे वळवून पाहा. सातवा मणका मानेबरोबर थोडा हलतो, त्याच्या खालचा छातीचा पहिला मणका जवळपास स्थिर राहतो.

दुसरं हाड खांद्याच्या टोकाशी. कॉलरबोनवरून बोट बाहेरच्या दिशेने सरकवत न्या. शेवटी हाडाची एक सपाट, रुंद कड लागते. हात बाजूला आडवा उचललात की या कडेच्या पुढच्या अंगाला एक खळगा पडतो. खळग्यात आपलं काम नाही, तिथला बिंदू वेगळा आहे. आपल्याला हवी त्याच्या वरच्या हाडाची बाहेरची कड.

आता या दोन हाडांना जोडणारी सरळ रेषा मनात आखा आणि तिचा मध्य गाठा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये बिंदूंच्या जागांची जी प्रमाण यादी काढली, तिच्यातही या बिंदूची व्याख्या हीच आहे. बाकीच्या पुष्कळ बिंदूंसाठी ‘छुन’ हे माप लागतं, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी. आयुर्वेदातलं स्वांगुळाचं माप ज्यांना माहीत आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. जियानजिंगला मात्र मोजपट्टी लागत नाही. जुन्या पद्धतीत आणखी एक पडताळा सांगतात: हा बिंदू स्तनाग्राच्या सरळ रेषेत वर येतो. पुरुषांना ही खूण बरी उपयोगी पडते, स्त्रियांनी तिच्यावर विसंबू नये.

मध्य सापडला की मधल्या बोटाच्या पेराने आसपास बोटभर अंतरात हळूहळू चाचपा. एका ठिकाणी दाबल्यावर इतरांपेक्षा वेगळी, खोल आणि जराशी गोड कळ येईल. कधी ती मानेकडे किंवा कानामागे चढते. तीच आपली जागा. इथे त्वचेखाली ट्रॅपेझियस हा मोठा स्नायू आहे, आणि फिजिओथेरपिस्ट ज्यांना ट्रिगर पॉइंट म्हणतात त्या दुखऱ्या गाठीही याच पट्ट्यात नेहमी सापडतात. १९७७ मध्ये वेदनेचे अभ्यासक मेलझॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रिगर पॉइंट आणि ॲक्युपंक्चरचे बिंदू पडताळून पाहिले, तेव्हा त्यांना ७१ टक्के मेळ दिसला. हा आकडा पुढे वादात सापडला. या एका बिंदूपुरतं मात्र दोन्ही बाजूंची बोटं एकाच जागी पडतात, यात फारसं दुमत नाही.

दाबताना

डावा खांदा असेल तर उजवा हात छातीवरून आडवा न्या. मधलं बोट बिंदूवर, शेजारची दोन बोटं आधाराला. दाबणाऱ्या हाताचं कोपर दुसऱ्या हाताच्या तळव्यावर टेकवा. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि मग दाबता दाबता दुसराच खांदा वर चढून आखडतो. सगळा जोर बोटात न आणता हाताचं वजन खाली लटकू द्या, बोट आकड्यासारखं अडकलेलं राहील.

दाबाची दिशा सरळ खाली असावी. पुढे गळ्याकडे अजिबात सरकू नका, तिथे मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. श्वास सोडताना सावकाश दाब वाढवा, चार-पाच सेकंद धरा, श्वास घेताना सैल करा. एका बाजूला दोन मिनिटं पुरतात. कळ सहन होईल इतकीच हवी. दात-ओठ खाऊन दाबलं की स्नायू उलट आणखी आवळतो. ‘जितकं दुखेल तितकं बरं’ हा आपल्याकडचा मालिशवाल्यांचा लाडका सिद्धांत इथे लागू पडत नाही.

दाब धरलेला असतानाच दुखऱ्या बाजूचा खांदा कानाकडे उचलून सोडा, मग मान विरुद्ध बाजूला हळूच कलवा. नुसतं दाबण्यापेक्षा याने लवकर मोकळं वाटतं. नंतर गरम पाण्याची पिशवी पाच-दहा मिनिटं ठेवली तर उत्तम. तेल लावायचं असेल तर दाबून झाल्यावर, आधी लावलं तर बोट घसरतं.

घरातलं कोणी दाबून देणार असेल तर त्याने मागे उभं राहून दोन्ही अंगठे दोन्ही खांद्यांवर ठेवावेत, हात सरळ ठेवून अंगाचा भार थोडा पुढे द्यावा. चिनी मालिशमध्ये, ज्याला ते तुइना म्हणतात, दुसरी एक पद्धत आहे: अंगठा मागे, बोटं पुढे अशी पकड घेऊन स्नायू उचलायचा, दाबायचा, सोडायचा. तिथे लहान मुलांच्या मालिशचा शेवट बहुधा याच पकडीने करतात. मोठ्यांना चिमटून दाबणं नकोसं वाटतं, पण ही पकड बहुतेकांना आवडते, कारण तिच्यात टोक रुतत नाही.

दिवसातून एक-दोनदा केलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी जागा ठणकत असेल तर एक दिवस सोडा आणि पुढच्या वेळी जोर कमी करा.

कशासाठी वापरतात

चिनी वैद्यकाच्या विचारात ताण आणि राग यांनी ‘ची’ वर चढते, डोकं जड होतं, खांदे कानाला भिडतात. हा बिंदू चढलेलं खाली उतरवणारा मानला जातो. मान-खांद्याची ताठरता, हात वर न उचलला जाणं, मानेतून चढणारी डोकेदुखी हे त्याचे नेहमीचे उपयोग. त्याच ‘खाली उतरवण्याच्या’ तर्काने जुन्या ग्रंथांत अडलेली प्रसूती, न सुटलेली वार, स्तनातली गाठ किंवा गळू, दूध न उतरणं यांच्यासाठीही तो सांगितला आहे.

माझं मत सरळ आहे. आखडलेल्या खांद्यासाठी दाबून पाहा, त्यात गमावण्यासारखं काही नाही. वार न सुटणं ही तातडीने दवाखान्यात हाताळायची अवस्था आहे. स्तनात गाठ, लाली आणि ताप असेल तर डॉक्टरच गाठायचे. तिथे बिंदू दाबण्यात वेळ घालवू नये.

कोणी दाबू नये

गरोदर स्त्रियांनी नाही. प्रसूतीला चालना देणारा बिंदू अशीच त्याची ख्याती असल्याने परंपरेनेच तो गर्भारपणात वर्ज्य केला आहे. आधुनिक अभ्यासांतून याबद्दल पक्कं उत्तर मिळालेलं नाही, म्हणून सावध राहिलेलं बरं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हाडं ठिसूळ झाली असतील तर जोराने दाबू नका. काहींना इथे जोर पडल्यावर चक्कर येते, म्हणून उभ्याने दाबू नये.

आणि दुखणं खांद्याचं आहे याची खात्री करा. डाव्या खांद्यात किंवा हातात कळ आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर ताबडतोब रुग्णालयात जा. तेलकट जेवणानंतर पोटाच्या उजव्या वरच्या भागात आणि उजव्या खांद्यात दुखत असेल तर ते कदाचित खरंच पित्ताशयाचं असेल, सोनोग्राफी करून घ्या. हाताला मुंग्या, पकड सैल होणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं हीसुद्धा दाबण्याची प्रकरणं नव्हेत.

सुई कोणाकडून

फुफ्फुसाचं वरचं टोक कॉलरबोनच्याही वर दोन-तीन सेंटिमीटर येतं, आणि जियानजिंग त्याच्या शेजारीच आहे. सुई सरळ खोल गेली तर फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साचू शकते. म्हणून जाणकार इथे सुई तिरकी आणि उथळ घालतात. जुन्यांनाही धोका ठाऊक होता: चीनमधल्या मिंग राजवटीच्या (चौदावं ते सतरावं शतक) काळातल्या लेखनात या बिंदूवर सुई खोल गेल्याने रुग्ण कोसळला तर पायावरच्या झुसानली बिंदूवर लगेच उपचार करा, असा इशारा आहे. आज अशा वेळी रुग्णवाहिका बोलवायची.

आपल्या इथल्या ॲक्युपंक्चरचा एक धागा थेट चीनला पोचतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. विजयकुमार बसू पुढे ही विद्या शिकले आणि त्यांनी कोलकात्यात तिची सुरुवात केली. महाराष्ट्रात आता ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, त्यामुळे थेरपिस्टची नोंदणी विचारायला संकोच करू नका. सुया एकदाच वापरायच्या, तुमच्यासमोर पाकिटातून काढलेल्या हव्यात. दमा, फुफ्फुसाचा जुना आजार किंवा गर्भारपणाची शक्यता असेल तर सुई लागण्याआधी सांगा. आणि खांद्यावर सुई घेतल्यानंतर काही तासांनी जरी श्वास घेताना छातीत टोचू लागलं, धाप लागली किंवा कोरडा खोकला सुटला, तरी त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन छातीचा एक्स-रे काढून घ्या, आणि सुई कुठे घेतली होती ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.