2-1 ने पुढे, आठ मिनिटं बाकी: पोरांची आघाडी टिकवायची कशी

मागच्या हंगामात माझ्या सोळा वर्षांखालच्या हॉकी संघानं पाच सामने असे घालवले, की शेवटचं क्वार्टर सुरू होताना आम्ही पुढे होतो. सगळ्यांचं निदान एकच: पोरांचा दम कमी पडतो. मलाही पटलं. दोन आठवडे त्यांना नुसतं पळवलं. सहावा सामनाही गेला.

मग वही काढली. तुम्हीही आधी तेच करा. आघाडी मिळाल्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत आपल्याकडून चेंडू गेला की एक रेघ मारायची. कुठे गेला आणि कसा गेला, एवढंच: टॅकलमध्ये, लांब हिटवर, की फाउल होऊन. कुणाचा गेला ते लिहू नका, नाहीतर पोरं चेंडू मागायचीच बंद होतात. तीन सामन्यांनंतर माझ्याकडे टॅकलच्या चार रेघा होत्या आणि लांब हिटच्या पानभर. चेंडू कुणी हिसकावत नव्हतं, आम्हीच देऊन टाकत होतो.

होतं असं. पुढे गेलो की पोरं नकळत मागे सरकतात. फुल बॅक डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) तोंडाशी येतात, हाफ लाइन (मधल्या फळीतली पोरं) त्यांच्या अंगावर येऊन उभी राहते, फॉरवर्ड मात्र तिकडे लांब एकटे. बॅकनं चेंडू अडवला तरी पंधरा मीटरच्या आत द्यायला कुणी नाही. तो बिचारा जोरात मारून मोकळा होतो. समोरचा हाफ चेंडू आरामात थांबवतो आणि तोच हल्ला परत येतो. असे पाच-सहा हल्ले थोपवले की कुणाचाही दम जाईल.

म्हणून दुरुस्ती पळण्याची नाही, उभं राहण्याच्या जागेची. चेंडू समोरच्यांच्या अर्ध्यात असेल तर आपला सेंटर हाफ मधल्या रेषेच्या आसपास दिसलाच पाहिजे. बॅकला चेंडू मिळाला की त्या बाजूचा हाफ साइडलाइनला चिकटतो आणि एक इनसाइड (आतल्या बाजूचा फॉरवर्ड) मागे येऊन पास मागतो. दोघंही बंद असतील तर चेंडू खुशाल साइडलाइनबाहेर घालवा. हिट त्यांना मिळेल, पण तेवढ्यात आपण जागेवर येतो.

सराव मात्र पाय जड झाल्यावरच घ्या, अगदी शेवटी. 8 मिनिटांचा सामना, एक बाजू 2-1 ने पुढे. मागे पडलेल्यांना गोलकीपर काढून एक मैदानी खेळाडू वाढवू द्या. खऱ्या सामन्यातही ते हेच करतील. आघाडीवाल्यांनी पास दिसत असताना आंधळा हिट मारला, की समोरच्यांना थेट पेनल्टी कॉर्नर, म्हणजे मागच्या रेषेवरून चेंडू देऊन गोलवर मारायची संधी. पहिल्या आठवड्यात आघाडीवाली बाजू एकदाही टिकली नाही. भांडणंही झाली.

पेनल्टी कॉर्नरचं वेगळं शिकवा. डीबाहेर, पण आपल्या 23 मीटरच्या रेषेच्या आत मुद्दाम फाउल केला तरी कॉर्नर जातो, हे माझ्या निम्म्या पोरांना माहीतच नव्हतं. वेळ संपली तरी दिलेला कॉर्नर पूर्ण होतो. त्यामुळे शेवटच्या मिनिटांत तिथे उडी मारून टॅकल नको. स्टिक जमिनीवर, पाय चालते ठेवा, समोरच्याला साइडलाइनकडे ढकलत न्या. पंचांशी हुज्जत घालून ग्रीन कार्ड मिळालं तर 2 मिनिटं दहा जण. त्या पोराला पुढच्या सामन्यात मी बाकावरून सुरुवात करायला लावतो. यावर चर्चा नाही.

बदल्यांचं पाप माझंच. कितीही बदल्या करता येत असताना, आघाडी आहे म्हणून मी चांगल्या पोरांना बाहेर काढायला घाबरायचो. आता सेंटर हाफला आणि दोन्ही इनसाइडना तिसऱ्या क्वार्टरमध्येच विश्रांती. पेनल्टी कॉर्नर दिला की तो संपेपर्यंत बदली चालत नाही, म्हणजे ऐनवेळी सुचून उपयोग नसतो.

मोठ्यांचंही असं होतं. 2023 च्या विश्वचषकात भारत न्यूझीलंडविरुद्ध आधी 2-0 आणि मग 3-1 ने पुढे होता. सामना 3-3 झाला आणि शूटआउटमध्ये गेला. पोरांना हे सांगितलं की त्यांचे खांदे जरा सैल होतात.

एक गोष्ट वहीत सापडली नाही. एका पालकांनी मोबाइलवर सामना टिपला होता. त्यात शेवटची दहा मिनिटं एकच आवाज ऐकू येतो: ‘मागे या रे, मागे!’ आवाज माझा. आता बाकावरून एकच शब्द जातो, ‘वर!’, आणि तोही माझा सहकारी ओरडतो. परवाच्या सामन्यात शेवटच्या सहा मिनिटांत मी पाण्याच्या बाटल्या भरत बसलो. 3-2 ने जिंकलो. दुसरा गोल लांब हिटवरूनच खाल्ला. रेघ मारून ठेवली आहे.