सुई, वस्तरा आणि काविळीची माळ: या चुका टाळा

"डाक्टर, सुई मारा न. गोळीनं काई होत नाही." वऱ्हाडातल्या दवाखान्यांत हे रोज ऐकू येतं. साध्या सर्दी-तापाला इंजेक्शन लागत नाही. घ्यावंच लागलं, तर नवी सिरिंज तुमच्यासमोर पाकीट फोडून काढली का, ते बघा. नुसती सुई बदलून भागत नाही. रक्ताचा अंश सिरिंजमध्येही ओढला जातो. आणि डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसू नका. रागावले तर रागावले.

एचआयव्हीच्या भीतीनं लोक माणसाचं ताट वेगळं करतात. एका ताटात जेवून तो होत नाही. हेपटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा काविळीचा एक प्रकार, मात्र कोणाच्या लक्षातच नसतो, आणि त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो. बाजाराच्या दिवशी झाडाखाली दाढी करताना आपण फक्त पातं नवं आहे का, एवढंच बघतो. तुरटीचा खडा? तोच सगळ्यांच्या कापलेल्या गालांवरून फिरतो. आपला खडा घरूनच न्या. जत्रेत गोंदवताना सुईसोबत शाईची वाटीही नवी आहे का, ते बघा.

कावीळ झाली की आधी मंतरलेली माळ. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, श्रेय माळेला जातं. (गरोदर बाईला ई जीवघेणी ठरू शकते, तिला लगेच दवाखान्यात न्या.) बी आणि सी रक्तातून पसरतात आणि लक्षणं न दाखवता वर्षानुवर्षं यकृत पोखरतात. ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. सी बहुतेकांचा साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. 2018 पासून सरकारच्या राष्ट्रीय हेपटायटिस कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत. बीला लस आहे. बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून 24 तासांत हवा. बाळंतपण घरी झालं तर नेमका तोच चुकतो. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या लेकरांना वारंवार रक्त चढवावं लागू शकतं, त्यांची ही लस राहू देऊ नका.

वापरलेली सुई टोचली तर बोट चोखू नका, पिळूही नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हाव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. शनिवारी टोचली आणि "सोमवारी पाहू" म्हटलं, की बराचसा वेळ तिथंच गेला. कुठं जायचं कळत नसेल तर एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1097 वर, फोन करा, तो मोफत आहे.