चाळीस कोंबड्या, दोन डुकरिणी आणि सलाईनची बाटली

कोंबड्या पाळायचं ठरवलंत तर बाकी काही शिका न शिका, लस कशी आणायची आणि कशी द्यायची ते आधी शिका. दाणापाणी, खुराडं, अंडी बसवणं, पिल्लं सांभाळणं हे सगळं घरातली कुठलीही म्हातारी तुम्हाला व्हिडिओपेक्षा चांगलं सांगेल. लशीचं म्हातारीला ठाऊक नसतं, व्हिडिओवाल्याला सांगायचं नसतं आणि दुकानदाराला घाई असते. म्हणून हा लेख.

आमचं घर शेतातच आहे, धुळे जिल्ह्यात दहिवेलच्या पुढे, कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे. चाळीसेक गावठी कोंबड्या, दोन डुकरिणी आणि व्यायल्या असतील तेव्हा त्यांची पिल्लं. जमीन कोरडवाहू. शेड बांधून हजारो पक्षी ठेवणाऱ्यांना माझ्या लिखाणाचा काही उपयोग नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के अनुदान मिळतं हे खरं आहे, पण त्यातली कोंबड्यांची योजना हजार माद्यांची आणि डुकरांची पन्नास-शंभर माद्यांची आहे. चार डालग्यांत मावणाऱ्या कोंबड्या असतील तर त्या अर्जाच्या झेरॉक्स काढत बसू नका. तेवढ्या पैशांत खुराड्याला चांगली जाळी येते.

दिवस कसा जातो ते थोडक्यात सांगते. पहाटे आधी डुकरांना खायला द्यायचं, नाहीतर ती अख्खा पाडा उठवतात. मक्याचा भरडा, भाताचा कोंडा, घरातलं उरलंसुरलं. खुराडं मात्र चांगलं उजाडल्यावरच उघडायचं. झुंजूमुंजूला मुंगूस आणि रानमांजर टपून असतं, आणि पहिली बाहेर पडणारी कोंबडी नेहमी तुमची सगळ्यात चांगली अंडी देणारी असते, का ते मला आजवर कळलेलं नाही. दुपारी पाणी बदलायचं. संध्याकाळी मूठभर दाणे टाकून मोजून आत घ्यायच्या. मोजणं टाळू नका. रात्री झाडावर बसणारी कोंबडी तुमची नसतेच, ती रानमांजराची असते.

उन्हाळ्याचं वेगळं. जळगाव-भुसावळसारखं पंचेचाळीसला नाही पोचलं तरी चाळिशी आमच्याकडेही सहज ओलांडते. कोंबडी चोच उघडून धापा टाकायला लागली आणि पंख अंगापासून लांब धरले की समजा, उशीर व्हायला लागलाय. बारदान ओलं करून जाळीला लावा, सावलीत मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, दाणा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावरच द्या. एप्रिल-मेमध्ये अंडी बसवू नका. खुडूक कोंबडी हट्ट करते, तिला करू द्या. त्या उन्हात ठेवलेली अंडी बसवण्याआधीच खराब होतात आणि एकवीस दिवस ती बिचारी फुकट तापत बसते.

आता लशीचं. इथे मी वेळ घेणार आहे.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, येते ती बहुतेक थंडी सरताना आणि उन्हाळ्याच्या तोंडाला. हिरवट-पांढरी हगवण, श्वासाला घरघर, मग मान पिळवटते, पाय लुळे पडतात. उपाय नाही. जे कुणी औषध विकतात ते तुमच्या घाबरलेपणाचे पैसे घेतात. एकदा शिरली की खुराडं रिकामं करून जाते. हिला एकच उत्तर आहे: आधी दिलेली लस. पिल्लाला पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा नावाच्या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर टू बी या मानमोडीच्याच दुसऱ्या लशीचं इंजेक्शन पंखाखाली. आर टू बी लहान पिल्लाला द्यायची नाही, ती त्याला झेपत नाही. देवीची लस सहाव्या आठवड्याच्या आसपास. एवढं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

वाचायला मिळत नाही ते पुढचं. आमच्याकडे लस देऊनही मर आली. आर टू बीची बाटली साक्रीहून आणली होती, बर्फ भरलेल्या थर्मासात, अगदी जिवापाड जपून. होळीच्या आसपास एकामागून एक कोंबड्या माना टाकायला लागल्या, लस दिलेल्यासुद्धा. दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक घरी आले, त्यांनी मेलेल्या कोंबडीकडे फार वेळ पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, ‘सलाईन कुठे होतं?’

सलाईन गाडीच्या डिकीत होतं.

हे नीट समजून घ्या. लशीच्या छोट्या बाटलीत तळाशी पांढरट वाळलेली वडी असते. त्यात जिवंत, पण कमजोर केलेला विषाणू असतो. दोन ते आठ अंश तापमानात, बंद बाटलीत, कोरडा असेपर्यंत तो टिकतो. त्यात निर्जंतुक सलाईन घालून विरघळवलं की त्याचं घड्याळ सुरू होतं. शंभर मात्रांच्या बाटलीला साधारण पन्नास मिली सलाईन, प्रत्येक कोंबडीला अर्धा मिली. तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते पाहूनच करा. सलाईन जर उन्हात डिकीत तापलेलं असेल, तर थर्मासात जपून आणलेला विषाणू त्यात पडल्या पडल्या मरायला लागतो. आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की दिसत काहीच नाही. पाणी तसंच, रंग तसाच, सुई तशीच. तुम्ही कोंबड्या धरता, टोचता, हात धुता, समाधानाने झोपता. कोंबड्यांच्या अंगात गेलेलं असतं नुसतं मीठपाणी. ते कळतं दोन महिन्यांनी, मर आल्यावर.

म्हणून सलाईनची बाटलीसुद्धा थंड हवी. लशीबरोबर त्याच थर्मासात. जागा नसेल तर आदल्या रात्री कुणाच्या फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको, गोठवू नका. विरघळवलेली लस बर्फाच्या भांड्यात उभी ठेवा, सावलीत, आणि तास-दीड तासात संपवा. उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही. इथेच सगळे घसरतात, कारण बाटली शंभर मात्रांची आणि कोंबड्या चाळीस. साठ मात्रा ओतून द्यायला जीव होत नाही. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या आठवड्यात शेजारणीला दिलेली लस मी पाहिली आहे. ती लस नसते.

सुईबद्दलही सांगते. सिरिंज आणि सुई पाण्यात उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. स्पिरिट, डेटॉल, सॅव्हलॉन यांनी पुसू नका. जंतू मारणारं औषध लशीतला विषाणूही मारतं, त्याला आपला-परका कळत नाही. आजारी दिसणाऱ्या कोंबडीला टोचू नका, तीच सुई पुढच्या चाळिसांना रोग वाटत जाते. आठवडाभर आधी जंताचं औषध दिलेलं असलं तर बरं. अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे मर गावात आल्यावर लस आणायला धावणं म्हणजे उशीरच. पौष-माघातच उरकून टाका.

कोंबड्या दिवसा पकडायच्या फंदात पडू नका. अंधार पडल्यावर, खुराड्यात बसल्या की एकेक हातात येते, आरडाओरडा नाही, आणि हवाही गार असते. एकाने धरायची, एकाने टोचायची, एकाने दुसऱ्या डालग्यात सोडायची. बॅटरीचा उजेड पुरतो.

दुकानातल्या भाऊंबद्दल थोडं. मी राग धरत नाही, पण शिकवणी घेऊ नका त्यांची. मी विचारलं की दिवसभर लाइट नव्हती, फ्रिजमधल्या लशीचं काय, तर उत्तर आलं, ‘काही नही व्हस, ताई.’ काही होत नाही म्हणणाऱ्याकडून लस घेऊ नका. फ्रिज उघडून दाखवायला लावा. बाटल्या दाराच्या कप्प्यात थंड पेयांच्या मध्ये ठेवल्या असतील तर परत फिरा. सरकारी दवाखान्यात लस मिळते, फक्त आधी फोन करून विचारा कधी येणार, आणि त्याच दिवशी जा.

बाटली शंभराची असण्याचा मला मात्र एक फायदा झाला. साठ मात्रा फेकण्यापेक्षा आम्ही पाड्यात निरोप धाडला: अमुक दिवशी रात्री आमच्याकडे लस आहे, कोंबड्या डालग्यात भरून ठेवा, आम्ही येतो. पहिल्या वर्षी दोन घरं तयार झाली. एका काकूंनी तर दार लावून घेतलं, सुईने अंडी बंद होतात म्हणून. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, अंड्यावरच्या कोंबडीला आर टू बी दिली की काही दिवस अंडी कमी होतात. पण तुम्ही एकट्यानेच लस देऊन काय साधणार? गावठी कोंबडी उकिरडे फिरते, एकाच्या उकिरड्यावर दुसऱ्याची चरते. माझ्या मते पाड्यातल्या निम्म्याहून जास्त घरांना जमवता आलं नाही तर आपलं खुराडं वाचवण्याची खात्री धरू नये. काकू पुढच्या वर्षी स्वतःच डालगं घेऊन आल्या. त्याआधी त्यांच्या घरी काय झालं ते सांगायची गरज नाही.

बर्ड फ्लू वेगळा, त्याची गल्लत करू नका. आमच्या शेजारचं नवापूर २००६ च्या फेब्रुवारीत त्यामुळेच देशभर माहीत झालं, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच झालं. तेव्हा परसातल्या कोंबड्याही गेल्या. एकदम भराभर पक्षी मरायला लागले तर उघड्या हाताने उचलू नका, कापून खाऊ नका, बाजारात न्यायच्या घाईत पडू नका. दवाखान्याला कळवा. लोक कळवत नाहीत कारण सगळ्या मारून टाकतील ही भीती, आणि ती भीती मला समजते. तरी कळवा.

डुकरांचं सोपं आहे असं मी म्हणते तेव्हा घरचे हसतात. पण खरंच, डुकरिणीला तीनच गोष्टी हव्यात: पाणी, सावली, आणि पिल्लं चिरडणार नाहीत अशी जागा. डुकराला घाम येत नाही, म्हणून ते चिखलात लोळतं. याला घाण म्हणणाऱ्यांना एप्रिलमध्ये पत्र्याखाली उभं करावं. गाभण राहिल्यापासून ११४ दिवस, म्हणजे तीन महिने तीन आठवडे तीन दिवस, तारीख भिंतीवर लिहून ठेवा. व्यायच्या जागेत भिंतीपासून वीतभर आत आणि जमिनीपासून वीतभर वर आडवा बांबू पक्का बांधा. डुकरीण भिंतीला टेकून धपकन बसते, पिल्लाला बांबूखाली सटकायला जागा राहते. सिमेंटच्या फरशीवर वाढणाऱ्या पिल्लांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन लागतं. मातीत उकरणाऱ्यांना थोडंफार मातीतून मिळतं, तरी डॉक्टरांना विचारून द्या.

हॉटेलातलं खरकटं फुकट मिळतं म्हणून आणायचं असेल तर किमान अर्धा तास खळखळ उकळून द्या. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग २०२० मध्ये देशात आला, त्यावर आपल्याकडे लस नाही, आणि तो मांसाच्या तुकड्यातूनही येतो. आणखी एक: खरकट्यात लोणची, पापड, खारट रस्सा असतो. पाणी कमी पडलेल्या डुकराला एवढं मीठ चढलं की ते गोल फिरतं, भिंतीवर डोकं लावतं, झटके येतात. दुपारी हौद कोरडा पडला तर हे होऊ शकतं. त्यामुळे खरकटं देणार असाल तर आधी पाण्याचं बघा.

गुरू कोणाला करायचं? हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन शेवटी पिल्लं विकणाऱ्याला नाही. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या करारात ‘अंडी आम्हीच घेऊ’ या शब्दावर किती लोकांनी पैसे घालवले ते आठवा. कोंबडी चांगली आहे, २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकनही मिळालं, फसवा होता तो करार. माझ्या मते गुरू करावा तो ज्याच्या कोंबड्या एकदा तरी मेल्या आहेत आणि जो ते सांगतो.

घाबरवलं असेल तर माफ करा. खरं म्हणजे गावठी कोंबडी फार मागत नाही. वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, स्वतः उबवते, स्वतः वाढवते, आणि आखाडात तिच्या कोंबड्याला मिळणारा भाव शेतमालाला कधी मिळाला नाही. श्रावण लागला की गिऱ्हाईक गायब होतं, तेव्हा विकायचे ते आखाडातच विका. पाच कोंबड्या आणि एका कोंबड्यापासून सुरुवात करा. एकदम पन्नास आणू नका, आणि बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे लांब, वेगळ्या डालग्यात ठेवा, कितीही धडधाकट दिसली तरी. तिला दाणा सगळ्यात शेवटी टाकायचा आणि हात धुवायचे.

लशीच्या रिकाम्या बाटल्या उकिरड्यावर फेकू नका, आत जिवंत विषाणू उरतो. उकळून खोल पुरा. आणि माघ संपायच्या आत दवाखान्यात फोन करा, थर्मास दोन माणसांचा असेल एवढा मोठा घ्या, कारण त्यात सलाईनही बसलं पाहिजे.